जलविलेय साराची बंद पेटी

गुळवेलीच्या घनाचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला असता जे प्रमाणपत्र हाती येते, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आर्द्रता, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख, मद्यविलेय सार, जलविलेय सार, जड धातू, सूक्ष्मजंतूंची संख्या आणि शेवटी एखाद्या मार्कर द्रव्याचे प्रमाण. या यादीतील एकाच ओळीविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. ती ओळ म्हणजे जलविलेय सार.

शंभर भाग द्रव्यातून अमुक भाग पाण्यात उतरले, इतकेच ही ओळ सांगते. काय उतरले, याविषयी ती मौन पाळते. मद्यविलेय भागाची स्थिती पुष्कळ बरी आहे. त्यातील अल्कलॉइड, ग्लायकोसाइड, टर्पिन यांची नावे ठाऊक आहेत, त्यांची मापने होतात आणि त्यांतूनच मार्कर निवडले जातात. परंतु आपली औषधे बहुतांशी होतात कशात? स्वरस, हिम, फांट आणि क्वाथ यांचा आधार जल हाच आहे. घन म्हणजे आटविलेला क्वाथच. शार्ङ्गधराच्या विधीप्रमाणे सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरविणारा वैद्य रुग्णाला जे देतो, त्याचा मोठा वाटा याच बंद पेटीतून आलेला असतो. या पेटीत लवणे, टॅनिने, साध्या शर्करा असतात हे खरे. परंतु अनेक वनस्पतींच्या बाबतीत तिच्यात वजनाने भरणारा ऐवज हा बहुशर्करांचा, म्हणजे शेकडो-हजारो शर्करा-अणू एकमेकांना जोडून झालेल्या मोठ्या कर्बोदकांचा असतो.

आमचे म्हणणे असे आहे की ही पेटी उघडण्याची साधने आता उपलब्ध आहेत, त्यांत मास स्पेक्ट्रोमेट्रीचे स्थान मोठे आहे, आणि जी औषधे मूलतःच शर्करामय आहेत त्यांच्या मानकांत शर्करांचे वर्णन यावे अशी मागणी वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी स्वतःहून केली पाहिजे. दुसऱ्या कोणी ती आपल्यावर लादेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

प्रथम, ही पेटी इतकी वर्षे बंद का राहिली हे पाहू. रसायनशास्त्रज्ञांनी बहुशर्करांकडे दुर्लक्ष केले, त्यामागे कोणताही कट नव्हता. त्या रंगहीन असतात. नेहमीच्या एच.पी.एल.सी. यंत्राचा डोळा अतिनील प्रकाशावर चालतो आणि शर्करा तो प्रकाश जवळजवळ शोषीतच नाहीत, त्यामुळे त्या यंत्रासमोरून निघून गेल्या तरी कागदावर रेघ उमटत नाही. त्या स्फटिकरूपाने हाती येत नाहीत. एकाच द्रव्यातील बहुशर्करांचे सर्व अणू एकाच लांबीचे नसतात, म्हणून 'शुद्ध द्रव्य' या शब्दाचा नेहमीचा अर्थच तेथे लागू पडत नाही. परिणामी, अर्कात मद्य ओतले की खाली बसणारा चिकट साका फेकून द्यायचा आणि वरच्या निर्मळ द्रवातून 'कार्यकारी तत्त्व' शोधायचे, हा परिपाठ पडला. गुग्गुळाचे उदाहरण घ्या. इथिल ॲसिटेटमध्ये उतरलेला राळेचा भाग घेतला, त्यातील गुग्गुलस्टेरोन मोजले आणि पाण्यात विरघळणारा डिंकाचा भाग बाजूला टाकला. आपण त्रिफळा क्वाथात शोधन करून वापरतो तो गुग्गुळ यापासून बराच निराळा आहे. मात्र त्या डिंकातच सर्व गुण आहे, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणी तपासलेले नाही आणि आम्हीही तपासलेले नाही.

आता अडचणीचे स्वरूप. प्रथिनाची साखळी सरळ असते. प्रत्येक मण्याला पुढचा एक व मागचा एक, एवढेच शेजारी. वीस प्रकारच्या मण्यांतून सहा मण्यांच्या माळा करावयाच्या तर ६ कोटी ४० लक्ष निरनिराळ्या माळा होतील. शर्करेच्या मण्याला मात्र जोडणीसाठी अनेक हात असतात. तो कोणत्या हाताने शेजाऱ्याला धरील, वरून धरील की खालून, एकाच वेळी दोघांना धरून शाखा फोडील काय, हे सर्व मोकळे असते. रॉजर लेन यांनी १९९४ साली गणित करून दाखविले की सहा साध्या शर्करांपासून दहा खर्वांहून, म्हणजे १ वर बारा शून्ये इतक्या संख्येहून अधिक निरनिराळ्या रचना संभवतात. नुसते 'ग्लुकोज इतके टक्के' म्हटल्याने काही कळत नाही ते याचसाठी. कापूस आणि साबुदाणा दोन्ही ग्लुकोजचेच. एकाचे वस्त्र होते, दुसऱ्याची खिचडी. भेद केवळ जोडणीचा आहे.

मास स्पेक्ट्रोमीटर हा एक तराजू आहे. अणूंना विद्युत्भार देऊन निर्वातात उडवायचे आणि भार व वस्तुमान यांच्या प्रमाणावरून त्यांचे वजन ठरवायचे, हे त्याचे काम. मोठे व नाजूक अणू न मोडता उडविणे हीच पूर्वी अडचण होती. ती दोन मार्गांनी सुटली. इलेक्ट्रोस्प्रे या पद्धतीत द्रावणाचे भारित तुषार उडवितात. मॅल्डी या पद्धतीत नमुना एका साहाय्यक द्रव्यात मिसळून वाळवितात आणि त्यावर लेसर किरण सोडतात. या क्षेत्रातील कामाबद्दल जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकातील अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा वाटा न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सच्या कामाबद्दल कुर्ट व्यूथ्रिख यांना मिळाला. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शर्करांच्या बाबतीत हे दोन साक्षीदार बहुधा एकत्रच बोलवावे लागतात.

कारण एकट्या तराजूची मर्यादा शर्करांपाशी लगेच उघडी पडते. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या चौघींचे वजन एकच, १८०. एकमेकींना जोडताना प्रत्येक जोडणीमागे पाण्याचा एक अणू, म्हणजे १८, निघून जातो आणि १६२ उरते. तराजूला १६२ दिसले म्हणजे एक शर्करा आहे एवढेच कळते. ती कोणती, हे कळत नाही. जुळ्या बहिणींना वजनावर ओळखावे तसा हा प्रकार आहे.

यावर रसायनज्ञांनी जी युक्ती काढली तिचे आम्हांस फार कौतुक वाटते. मुले एकमेकांचे हात धरून साखळी करून उभी आहेत अशी कल्पना करा. कोणाचा एक हात मोकळा, कोणाचे दोन्ही गुंतलेले. तुम्ही जाऊन प्रत्येक मोकळ्या हाताला हळद लावलीत आणि मग साखळी सोडविलीत. आता ज्या हाताला हळद नाही, तो हात कोणी तरी धरलेला होता हे उघड आहे. शर्करांच्या बाबतीत हळदीचे काम मिथिल गट करतो. बहुशर्करेतील सर्व मोकळ्या जागा मिथिलने झाकायच्या, नंतर आम्लाने साखळी तोडायची, उघड्या पडलेल्या जागांवर ॲसिटिल गटाची दुसरी खूण करायची आणि ते मिश्रण गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या जोडयंत्रात घालायचे. यंत्रातून बाहेर पडण्याच्या वेळेवरून शर्करा कोणती ते कळते, आणि तुकड्यांच्या वजनावरून तिचे कोणते हात गुंतलेले होते ते कळते. सेन-इतिरो हाकोमोरी यांनी १९६४ साली मिथिलीकरणाची जी सुलभ रीत दिली, तिच्यापासून हे काम सर्वत्र रुळले. १९८४ साली च्युकानू व केरेक यांनी ती रीत आणखी सोपी केली.

दुसरा मार्ग अणू यंत्रातच मोडण्याचा. एका वजनाचे अणू निवडायचे, त्यांना वायूच्या कणांवर आदळायचे आणि तुकडे पुन्हा तोलायचे. साखळी कोठे तुटली यावरून मूळ क्रम जुळविता येतो. या तुकड्यांना नावे देण्याची जी पद्धत डोमॉन आणि कॉस्टेलो यांनी १९८८ साली मांडली, ती आजही जगभर चालते. मात्र मोडण्यासाठीसुद्धा अणू आधी उडला पाहिजे आणि लक्षावधी डाल्टन वजनाच्या बहुशर्करा सहजासहजी उडत नाहीत. त्यांचे आधी लहान तुकडे करावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लेब्रिला यांच्या गटाने २०२० साली त्यासाठी लोहाचे लवण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा उपयोग करून दाखविला. फेंटन यांनी १८९४ साली वर्णिलेली ती जुनीच अभिक्रिया आहे. रसशास्त्राच्या आमच्या वाचकांना लोहाची ही नवी कामगिरी रुचावी.

इतके पूर्वकथन पुरे. आता गुळवेलीकडे येऊ, कारण या वनस्पतीवर असे काम झालेले आहे आणि त्यातून निघणारा प्रश्न आपला आहे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९९ साली फायटोकेमिस्ट्री या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गुळवेलीच्या वाळलेल्या कांडांचा पाण्यातील अर्क घेतला, त्याचे टप्प्याटप्प्याने विभाजन केले आणि एक अरॅबिनोगॅलॅक्टन, म्हणजे अरॅबिनोज व गॅलॅक्टोज या शर्करांनी बनलेली बहुशर्करा वेगळी केली. तिचे सरासरी वजन सुमारे २२ लक्ष डाल्टन होते. तिच्या रचनेचा माग त्यांनी मिथिलीकरणानेच काढला. परीक्षानळीतील बी-पेशींना ती विभाजनास प्रवृत्त करते, असेही त्यांना आढळले.

पुढे २००३ आणि २००४ साली ॲक्टा फार्मास्युटिका या नियतकालिकात याच वनस्पतीच्या बहुशर्करेवर दोन निबंध आले. दुसऱ्या निबंधाचे एक लेखक आझादी हे अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या कॉम्प्लेक्स कार्बोहायड्रेट रिसर्च सेंटरचे. १९८५ साली स्थापन झालेली ही संस्था केवळ जटिल कर्बोदकांसाठीच वाहिलेली आहे. या अभ्यासात जी बहुशर्करा मिळाली तिच्यात सुमारे ९८ टक्के ग्लुकोजच होते. अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, झायलोज वगैरे सर्व मिळून राहिलेल्या दोन टक्क्यांत. जोडण्याही मुख्यतः पिष्टाला शोभणाऱ्या, म्हणजे चौथ्या हाताने जोडलेल्या आणि मधूनमधून सहाव्या हाताला शाखा फुटलेल्या.

वनस्पती एकच. एका गटाला अरॅबिनोगॅलॅक्टन मिळते, दुसऱ्याला जवळजवळ शुद्ध ग्लुकोजची साखळी. घाईचा वाचक म्हणेल की दोघांपैकी एक चुकला. आम्हांस तसे वाटत नाही. कसे काढले, कशाने वेगळे केले, कोणता अंश पुढे नेला, यावर हाती काय येणार हे ठरते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा कल्पनाभेद आहे. द्रव्य एक असूनही हिम, फांट, क्वाथ आणि सत्त्व यांचे कार्य सारखे नाही, हे आपल्या आचार्यांनी गृहीतच धरले आहे. पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. पाणी साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते फुगतात, फुटतात आणि खळ होते. म्हणजे गाळून घेतलेल्या हिमात जाणाऱ्या शर्करा आणि क्वाथात उतरणाऱ्या शर्करा यांत मूलतः फरक असला पाहिजे. तो किती व कसा, हे त्याच कांडांपासून हिम व क्वाथ करून, दोहोंचे शर्कराविश्लेषण शेजारी ठेवून पाहता येईल. द्रव्यगुण किंवा भैषज्यकल्पनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला हा विषय पुरून उरेल. दरवर्षी मार्करच्या टक्केवारीवर निघणाऱ्या प्रबंधांपेक्षा तो अधिक आपला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे एक मोह टाळला पाहिजे. गुडूची तिक्त-कषाय रसाची, पण विपाक मधुर. आता तिच्यात इतकी शर्करा सापडली, तेव्हा मधुर विपाकाचे 'वैज्ञानिक कारण' मिळाले, असे भाषण लवकरच एखाद्या परिसंवादात ऐकू येईल. तसे म्हणण्यास आधार नाही. विपाक ही जठराग्नीच्या क्रियेनंतर कर्मावरून अनुमानिली जाणारी गोष्ट आहे, परीक्षानळीत मोजावयाची नव्हे. बी-पेशींच्या प्रयोगाविषयीही तोच सावधपणा हवा. पेशींवर थेट टाकलेली बहुशर्करा आणि रुग्णाने गिळलेली बहुशर्करा यांचा प्रवास एक नाही. शिवाय वनस्पतीच्या अर्कात जंतूंच्या आवरणातील द्रव्याचा अंश राहिला असेल तर तोही पेशींना चेतवितो, ही शंका अशा प्रत्येक प्रयोगात आधी निवारावी लागते.

आता औषधनिर्मात्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, गुळवेल सत्त्व. कांडे कुटून, पाण्यात भिजवून, चोळून, गाळून, निवळी ओतून तळाशी राहिलेला पांढरा साका वाळविला की सत्त्व झाले. मेहनत फार आणि उतारा थोडा. त्यामुळे बाजारात सत्त्व म्हणून बटाट्याचे किंवा मक्याचे पिष्ट खपविले जाते, हे गुपित राहिलेले नाही. आयोडीनच्या थेंबाने सर्वच पिष्टे निळी होतात, म्हणून त्या चाचणीचा येथे उपयोग नाही. मग मास स्पेक्ट्रोमीटरने तरी भेसळ पकडता येईल काय? प्रामाणिक उत्तर असे की एकट्याने, खात्रीने नाही. गुळवेलीचे पिष्ट काय आणि बटाट्याचे काय, दोन्ही ग्लुकोजचीच साखळी आणि जोडण्याही त्याच. बटाट्याच्या पिष्टात ग्लुकोजला ठिकठिकाणी फॉस्फेट जोडलेले असते, तेवढा एक धागा यंत्राच्या हाती लागू शकतो. पण हेच काम साध्या सूक्ष्मदर्शकाने काही मिनिटांत होते. बटाट्याचे कण मोठे, शिंपल्यासारखे, केंद्र एका टोकाकडे सरकलेले. मक्याचे कण कोनदार. ज्या औषधशाळेत सूक्ष्मदर्शक धूळ खात पडला आहे आणि मालक महागड्या यंत्राच्या अहवालाची चौकशी करीत आहेत, त्यांनी आधी धूळ पुसावी.

घनाचे मात्र तसे नाही. तेथे सूक्ष्मदर्शक निरुपयोगी आणि मास स्पेक्ट्रोमीटर अत्यंत उपयोगी, अशी उलट स्थिती आहे. बाजारातून पोत्याने येणारे, फवारा पद्धतीने वाळविलेले कोरडे अर्क ओलावा धरून चिकटू नयेत म्हणून त्यांत माल्टोडेक्स्ट्रिन मिसळण्याची रीत आहे. ते सांगून, प्रमाणात मिसळले तर त्यात गैर काही नाही. परंतु ते पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणजे जलविलेय साराचा आकडा वाढविते. जितकी भर अधिक तितके प्रमाणपत्र अधिक देखणे! कडवटपणा कमी झाला तर एखाद्या वैद्याला शंका येईल, पण कागद निर्दोषच राहील. ज्या ओळीवर विसंबून आपण माल घेतो, तीच ओळ भेसळीने सुधारते, ही गोष्ट प्रत्येक खरेदीदाराने मनात कोरून ठेवावी.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टाचे लहान-लहान तुकडे. ते मॅल्डीच्या तराजूवर सहज उडतात. सोडियमचा भार घेतलेल्या तीन ग्लुकोजच्या तुकड्याचे वजन ५२७, चारचा ६८९, पाचचा ८५१, सहाचा १०१३, सातचा ११७५. प्रत्येक पायरी १६२ ची. कागदावर ही सरळ शिडी उमटते. गुळवेलीची मूळची लक्षावधी डाल्टनची बहुशर्करा अशी शिडी दाखवीत नाही, कारण ती उडतच नाही. दीर्घकाळ उकळण्याने पिष्टाचे थोडे तुकडे पडणे शक्य आहे, म्हणून नुसती शिडी दिसली की दोषी ठरविणे योग्य नव्हे. प्रमाण पाहिले पाहिजे, आणि आपण स्वतः केलेल्या घनाचा नमुना शेजारी ठेवला पाहिजे.

शतावरीपाशी तर अधिकच जपले पाहिजे. तिच्या मुळांत फ्रुक्टोजच्या लहान साखळ्या स्वभावतःच असतात. फ्रुक्टोजचे वजनही १६२ भरत असल्याने त्यांची शिडी माल्टोडेक्स्ट्रिनच्या शिडीशी आकड्यागणिक जुळते. अननुभवी विश्लेषक निर्दोष शतावरीला भेसळ म्हणेल आणि भेसळीला शतावरी. यावर उपाय आहे. पिष्टाचे तुकडे पचविणारे अमायलोग्लुकोसिडेज हे विकर नमुन्यात घालायचे. माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर शिडी नाहीशी होते, फ्रुक्टोजच्या साखळ्यांना धक्काही लागत नाही. यंत्राचा अहवाल मागविताना हे विचारणारा कोणी तरी औषधशाळेत असला पाहिजे. नसेल तर तो अहवाल भिंतीवरच्या तसबिरीइतकाच कामाचा.

आपल्याकडील काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात की रस, वीर्य, विपाक, प्रभाव यांनी चालणाऱ्या शास्त्राला ही यंत्रे कशाला? त्यांच्या भूमिकेविषयी आम्हांस आदर आहे, आणि औषधाचे कर्म यंत्र सांगणार नाही हे वर आम्हीही म्हटलेच आहे. परंतु द्रव्य तेच आहे काय, हा प्रश्न कर्माच्या आधीचा आहे. पूर्वी वैद्य स्वतः गुळवेल तोडून आणीत असे, तेव्हा त्याचे डोळे आणि जीभ पुरेशी होती. पोत्यातून आलेल्या तपकिरी भुकटीपुढे ती पुरत नाहीत.

एका मापावर विसंबण्याचे फळ आधुनिक औषधशास्त्रानेही चाखले आहे. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध म्हणजे डुकराच्या आतड्यापासून काढलेले जटिल कर्बोदकच. २००७-०८ साली अमेरिकेत हेपॅरिन टोचलेल्या अनेक रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया आल्या, कित्येक दगावले. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात अतिसल्फेटयुक्त काँड्रॉइटिन मिसळलेले होते. तेही रक्त गोठण्यास अडथळा आणते, म्हणून औषधाची शक्ती मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत माल उत्तीर्ण होत गेला. रचना तपासली तेव्हाच, मुख्यत्वे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सच्या साक्षीने, सत्य उघड झाले. त्यानंतर औषधसंहितांतील हेपॅरिनची मानके बदलावी लागली. मधाचेही तसेच. ऊस आणि मका यांच्या साखरेतील कार्बनचा भारी प्रकार मोजून मधातील भेसळ पकडणारी मास स्पेक्ट्रोमेट्री रूढ झाली, तेव्हा भेसळ करणारे त्या चाचणीत न सापडणाऱ्या तांदळाच्या पाकाकडे वळले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२० च्या डिसेंबरात १३ नाममुद्रांच्या मधाचे जे निष्कर्ष जाहीर केले, त्यांत तीनच सर्व चाचण्यांतून पार पडल्या होत्या. काही कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. अनुपान म्हणून मध देणाऱ्या आणि अवलेहात मध घालणाऱ्या आपणां सर्वांना तो वाद परका नाही.

मग करावे काय? सर्व द्रव्यांना ही चाचणी लावा, असे आम्ही सुचवीत नाही. लहान औषधशाळांचे कंबरडे त्याने मोडेल, आणि तेवढ्यासाठी सुळसुळाट होईल तो खोट्या अहवालांचा. गुळवेल, शतावरी, मुसळी, अश्वगंधा यांचे पाण्यातील घन आणि कोरडे अर्क एवढ्यांपुरतीच ही मागणी मर्यादित ठेवावी. गाझियाबादच्या भारतीय चिकित्सा व होमिओपॅथी भेषजसंहिता आयोगापुढे संघटनेने ठेवावयाच्या निवेदनात दोनच गोष्टी असाव्यात. पहिली, जलविलेय साराखाली त्याच्या विघटनानंतर मिळणाऱ्या शर्करांचे परस्परप्रमाण द्यावे. साधे गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळेतही हे होते. दुसरी, कोरड्या अर्कांच्या वेष्टनावर वाहक द्रव्याचे नाव व प्रमाण छापणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक व्हावे. जोडण्यांचे सविस्तर विश्लेषण हे संशोधनाचे काम आहे. ते महाविद्यालयांनी आणि मोठ्या संस्थांनी करावे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील सॉफिस्टिकेटेड ॲनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटीसारख्या सरकारी साहाय्याने चालणाऱ्या केंद्रांत बाहेरील संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. चार-पाच औषधशाळांनी मिळून खर्च वाटून घेतला तर तो कोणालाच जड जाणार नाही.

निंबावर चढलेल्या गुळवेलीला आपण अधिक मोल देतो. आश्रयवृक्ष बदलल्याने तिच्या शर्करांत काही फरक पडतो काय, हा प्रश्नही याच ओघात सोडविता येईल. ज्या औषधशाळांना या सामूहिक तपासणीत सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी एकाच वाराच्या मालाचे तीन नमुने वेगळे राखावेत : सावलीत वाळविलेली कांडे, वाहक मिसळण्यापूर्वीचा घन आणि विक्रीसाठी तयार झालेला घन. कांडे कोणत्या ऋतूत, कोणत्या वृक्षावरून काढली, क्वाथाला पाणी किती पट घातले व किती उरविले, आणि माल्टोडेक्स्ट्रिन घातले असल्यास शेकडा किती, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहावे.